काकू केनियाला निघतात

मंगलाकाकू एकट्या कुठंच जात नाहीत. त्यांच्याबरोबर त्यांची यादी जाते. जिल्हा परिषदेच्या आवक-जावक टेबलावर हयात गेली, त्यामुळे घरात आलेल्या मेथीच्या जुडीचीही नोंद होते. निवृत्तीनंतर मैत्रिणी चारधामचं बुकिंग करत होत्या, तेव्हा काकूंनी जाहीर केलं, "मी नैरोबीला जाणार. एकटी. भाच्याच्या घराजवळ सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची शाळा आहे, तिथं सेवा करणार."

"का? मिरजेत अशी मुलं नाहीत?" काकांनी विचारलं.

"आहेत की. पण इथं दर तासाला तुम्ही चहा मागता."

तयारी सुरू झाली. व्हिसाच्या मुलाखतीसाठी काकूंनी इरकल साडी आणि इंग्रजीतली बारा वाक्यं तयार ठेवली. 2024 पासून केनियाला व्हिसाच लागत नाही, घरबसल्या ऑनलाइन परवानगी मिळते, हे कळल्यावर त्या दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. पुढं पीतज्वराची लस. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि दाखल्याशिवाय परतलं तर आपलंच सरकार विलगीकरणात ठेवतं. डॉक्टरांनी विचारलं, "अंड्याची ॲलर्जी आहे का?" काकू ताठ झाल्या. "आमच्यात अंडं खात नाहीत." "मग ॲलर्जी आहे की नाही, कसं कळणार?" या प्रश्नाला जिल्हा परिषदेतसुद्धा उत्तर नव्हतं.

आफ्रिका म्हणजे उकाडा, म्हणून बॅगेत मलमलच्या साड्या गेल्या. नैरोबी महाबळेश्वरहून उंचावर आहे आणि जुलैत तिथं स्वेटर लागतो, हे भाच्यानं कळवल्यावर त्या बाहेर आल्या. मग चिवडा, चकल्या, मुलांसाठी चॉकलेटं, सगळं कसं शिस्तीत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. केनियात 2017 पासून त्या पिशव्यांना बंदी आहे. रात्रभर बसून काकूंनी जुन्या परकरांच्या पिशव्या शिवल्या. बरं, फराळाचं म्हणावं तर नैरोबीत गुजराती दुकानदार तिथली रेल्वे बांधली गेली त्या काळापासून बसलेत. पण हे काकूंना सांगायचं कुणी?

खरा दणका शाळेच्या बाईंनी दिला. त्यांचं पत्र चार ओळींचं. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांचे फोटो काढू नका. चॉकलेटं आणू नका, आमच्या बऱ्याच मुलांना गिळायला त्रास होतो, घास अडकतो. आणि शेवटी : तुम्हाला हातानं काय करता येतं?

काकूंनी कळवलं : कार्यालयीन व्यवस्थापन, समुपदेशन, भजन. उत्तर नाही. रांगोळी, उकडीचे मोदक. उत्तर नाही. अखेर परकरांच्या पिशव्या आठवून नाखुशीनं लिहिलं : शिवणकाम. संध्याकाळच्या आत उत्तर हजर!

शाळेला दान आलेल्या व्हीलचेअर मोठ्या माणसांच्या मापाच्या. मूल त्यात बुडतं, एका अंगाला कलतं, आणि वर्षानुवर्षं तसंच बसून पाठीचा कणा वाकतो. पाठीला आणि दोन्ही बगलांना फोमच्या गाद्या, कमरेला पट्टा, पावलांखाली आधार हवा. आणि हे तुम्ही शिवून देऊ नका, आयांना शिकवा. तुम्ही परत गेल्यावर मुलं वाढायची थांबणार नाहीत.

एवढं शहाणं पत्र मी तरी क्वचित पाहिलंय. काकूंनी यादी फाडली. चकल्या शेजाऱ्यांना मिळाल्या, बॅगेत फोम आणि रेक्झिन आलं. मापं घेण्याचा सराव काकांवर चालू आहे. रोज संध्याकाळी ते जेवणाच्या खुर्चीत पट्ट्यांनी जखडलेले असतात, कंबर आणि गुडघे काटकोनात. चहा मागता येतो. तो करून द्यायला काकूंना वेळ नसतो.

विमान पुढच्या महिन्यात आहे आणि बॅगेत अजून पाच किलोची जागा आहे. कुणाकडे दोन इंची वेल्क्रो, नायलॉनची पट्टी किंवा जुन्या दप्तरांची बक्कलं पडून असतील तर आणून द्या. लाडू आणू नका.