पावसाळी समुद्रसहलीतील आहार

पावसाळी समुद्रसहलीत समुद्राचे काम मागे राहून आवाज करण्याचे असते. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि दापोली तालुक्यातील कर्दे, मुरूड, हर्णै, आंजर्ले या गावांना त्यातला वाटा हात आखडता न घेता मिळतो. अशा दिवसांत पाण्यात उतरायला मनाई असते. सुवर्णदुर्गाला नेणाऱ्या होड्या ओढून वर घेतलेल्या असतात आणि डॉल्फिन दाखवणारा मनुष्य गुडघाभर चिखलात भाताची लावणी करत असतो. पर्यटकाने घरून कागदावर लिहून आणलेला कार्यक्रम (सूर्योदय, डॉल्फिन, किल्ला, सूर्यास्त) पहिल्याच सकाळी भिजतो. त्याच्या जागी न्याहारी, भजी, जेवण, चहा, कणीस आणि पुन्हा जेवण असा दुसरा कार्यक्रम आपोआप लागतो. हा मात्र कोणत्याही हवामानात रद्द होत नाही.

दिवसाची सुरुवात घावनांनी होते. तांदळाचे पीठ पाण्यात इतके पातळ कालवतात की नवख्याला ते ताक वाटावे. बिडाचा तवा सणसणीत तापला की नारळाच्या शेंडीने त्यावर तेल फिरवतात आणि पीठ कडेकडून आत सोडतात. पडताक्षणी चर्र आवाज होऊन जाळी पडली तर घावन साधले. नाही साधले तर ते घरच्या माणसांच्या वाट्याला जाते, म्हणून पाहुण्यांना सगळी घावने जाळीदारच असतात असा समज होतो. सोबत ओल्या नारळाची चटणी किंवा गूळ घातलेला नारळाचा रस असतो. ज्या घरी घावने नसतात तिथे दडपे पोहे असतात. त्यांना चूल लागते ती फक्त फोडणीपुरती, बाकीचे काम नारळ, कांदा आणि वर ठेवलेले वजन करते.

न्याहारीच्या वेळी पाहुण्याने ‘पुरे’ म्हटले तर त्याचा अर्थ ‘आणखी एक’ असा घेतला जातो. ‘नको हो काकू’ याचा अर्थ ‘दोन’. ताटावर दोन्ही हात आडवे धरले तरच वाढणे थांबते, आणि तेव्हाही ‘कितीसं खाल्लंत!’ हे वाक्य ऐकून घ्यावे लागते. शहरात सकाळी ओट्सवर दिवस काढणारी माणसे इथे तवा उतरेपर्यंत पाटावरून उठत नाहीत, याचे श्रेय समुद्राच्या हवेला देण्याची प्रथा आहे. काकूंना ते मान्य नाही.

दहाच्या सुमारास उघडीप होते. ती साधारणपणे सर्वांनी चपला घालून अंगणाच्या बेड्यापर्यंत जाण्याइतकी टिकते. त्यानंतर सर आडवी येते, छत्र्या उलट्या होतात आणि मंडळी निथळत परततात. भज्यांची मागणी नेमकी या घटकेला नोंदवली जाते. कांदा उभा चिरून, मीठ चोळून ठेवला की त्याला पाणी सुटते. त्या पाण्यात मावेल तेवढेच डाळीचे पीठ घालायचे, वरून थेंबही घालायचा नाही, ही कांदाभजीची एकमेव अट. ती न पाळणारे लोक पुढे सोडा घालतात. परसात ओव्याची पाने आणि मायाळू असतेच, तेही याच पिठात बुडते. भजी किती खावीत याला मर्यादा नाही. मर्यादा येते ती कढईतून घाणा निघायला लागणाऱ्या वेळाने, आणि त्या वेळात पुरुषवर्ग ‘दुपारी हलकंच काहीतरी करा’ असे सांगून घेतो. हे वाक्य स्वयंपाकघरात कोणी मनावर घेत नाही.

दुपारच्या जेवणात माशाचा प्रश्न उपस्थित होतो, आणि या विषयातला हाच सर्वांत मोठा भाग आहे.

‘सुरमई मिळेल का?’

‘मिळेल की. मे महिन्यातली आहे. चालेल?’

इतके सरळ उत्तर सगळीकडे मिळत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. एरवी हर्णैच्या किनाऱ्यावर रोज होणारा माशांचा लिलाव या काळात ओस पडतो. तरीही जुलैत किनाऱ्याच्या गावी येऊन ताजी सुरमई आणि पापलेट मागणाऱ्यांची संख्या घटलेली नाही. त्यांना जे मिळते ते बर्फातून आलेले असते आणि ‘समुद्राकाठची चवच वेगळी’ असे म्हणत ते खाल्ले जाते. चव वेगळी असते हे खरेच.

जाणकार गिऱ्हाईक अशा वेळी सुकटीकडे वळते. उन्हाळ्यात वाळवलेला जवळा कांद्यावर परतला, की त्याचा वास पावसाला न जुमानता गल्लीच्या टोकापर्यंत पोचतो. सोडे वांग्यात पडतात, सुके बोंबील निखाऱ्यावर भाजतात. खाडीतल्या चिंबोऱ्या मिळाल्या तर जेवण दोन तास चालते, कारण त्यात खाण्यापेक्षा फोडणे जास्त असते आणि फोडताना कोणाला फोन घेता येत नाही. पहिल्या पावसात ओढ्यातून शेतात चढणारे वलगणीचे मासेही असतात, पण ते ज्याने कंदील घेऊन रात्री धरले त्याच्याच घरी शिजतात. पर्यटकाने त्यांची चौकशी करू नये.

शाकाहारी पंक्तीची स्थिती अधिक भक्कम असते. टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या याच दिवसांत उगवतात. कुळथाची पिठी लसणाच्या फोडणीत खदखदते, तीत दोन आमसुले पडतात आणि ती वाफाळत्या भाताच्या आळ्यात ओतली जाते. आळे फुटण्यापूर्वी जेवणे हे कौशल्य लहानपणीच यावे लागते. आठळ्या भाजीत लपलेल्या असतात. शेवटी सोलकढी. आमसुलाचे पाणी आणि नारळाचे दूध यांचे हे मिश्रण तापवत नाहीत, तापवले की फुटते. ती भातावर घ्यावी की वाटीने प्यावी हा वाद कुटुंबागणिक वेगळा असून तो इथे सोडवता येण्यासारखा नाही.

यांतल्या बऱ्याच पदार्थांत एक गोष्ट समान आहे. सुकट, आमसूल, कुळीथ, आठळ्या, मेतकूट, लोणचे, पोह्याचे पापड हे सगळे आगोटीच्या बेगमीतले, म्हणजे पाऊस लागण्याआधी उन्हात वाळवून, दळून, डब्यांत भरून ठेवलेले. आषाढातला पाहुणा जेवतो ते बहुतांशी वैशाखातले ऊन. काकूंनी मे महिन्यात अंगणात चटई टाकून कावळे हाकलले नसते, तर जुलैतला निसर्ग कितीही हिरवा असला तरी पाहुण्याला तो नुसता बघावा लागला असता.

जेवणानंतर झोप येते. तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

चार वाजता वीज गेलेली असते. गवती चहाची पात घातलेला चहा आणि फणसपोळी येते. बरक्या फणसाचा रस ताटात थापून वाळवलेली ही पोळी पावसाळी हवेत किंचित चिकट होते. दाताला चिकटल्यामुळे घरात पाच मिनिटे शांतता नांदते. बिस्किटे आणि घरून आणलेला चिवडा यांचा मात्र या हवेत टिकाव लागत नाही. मऊ पडलेला चिवडा पत्ते खेळताना संपवण्याची जबाबदारी ज्याने तो आणला त्याच्यावर असते.

संध्याकाळी पुळणीवर जाण्याचा अखेरचा प्रयत्न होतो. निळ्या ताडपत्रीखाली एखादी गाडी असते. कणीस निखाऱ्यावर फिरवून तिखट-मीठ लावलेले लिंबू त्यावर चोळून मिळते. समुद्राकडे तोंड करून खाल्ल्यास मीठ जास्त होते, पाठ करून खाल्ल्यास सहलीला आल्यासारखे वाटत नाही. बहुतेक लोक कुशीवर उभे राहतात.

रात्री ‘आज जेवण नकोच’ या घोषणेनंतर मऊ भात, तूप, मेतकूट, लिंबाचे लोणचे आणि भाजलेला पोह्याचा पापड एवढेच वाढतात. दिवसभरात सर्वांत जास्त भात या जेवणात खपतो.

हिशेब करताना घावने मोजलेली नसतात, भज्यांचे पैसे घ्यायला काकू विसरतात आणि पाहुण्याने ते आठवणीने द्यावेत. उकडीचे मोदक हवे असल्यास आदल्या रात्री सांगावे. ताजी सुरमई हवी असल्यास नारळी पौर्णिमेनंतर यावे.