सरळ निघतो, आडवा पोचतो

मांजराचं आजारी पिल्लू घरात आलं की तासाभरात सोसायटीतले निम्मे लोक पशुवैद्य होतात आणि उरलेले ज्योतिषी. मीटर रूममध्ये, गेल्या गणपतीच्या फ्लेक्समागे दोन पिल्लं सापडली तेव्हाही हेच झालं. त्यांच्या आईचा पत्ता नव्हता. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात; हिने बहुधा मीटर रूमवरच यात्रा आटोपती घेतली होती. एक पिल्लू तिसऱ्या मजल्यावर गेलं आणि त्याच संध्याकाळी त्याचं नाव सिंबा पडलं. दुसरं प्रस्तुत लेखकाच्या घरी आलं. त्याचं नाव ठेवायची घाई कोणी केली नाही, कारण ते रात्र काढेल अशी कोणालाच खात्री नव्हती.

डोळे नुकते उघडलेले, म्हणजे वय दोन आठवड्यांच्या आतबाहेर. लेखकाच्या आईने माळ्यावरच्या डब्यातून बोंडलं शोधून काढलं. याच बोंडल्याने तिने घरातल्या दोन पिढ्यांना दूध पाजलं होतं. पाय लांब करून बसली, पिल्लाला त्यावर उताणं निजवलं आणि दुधाची वाटी जवळ ओढली. नेमकी तेव्हाच पोचलेली, प्राण्यांच्या संस्थेत काम करणारी एक मुलगी दारातूनच ओरडली, "आजी, थांबा!" मांजराच्या पिल्लाला उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. त्याला पोटावर, आईच्या कुशीत असतं तसंच ठेवून पाजायचं. पिल्लू गार पडलेलं असेल तर आधी ऊब द्यायची, दूध नंतर; थंड पोटात दूध पचत नाही. गाईचं दूध नकोच. त्याने पिल्लाचं पोट बिघडतं आणि मांजरीच्या दुधाइतकी प्रथिनं आणि स्निग्धता त्यात नसतेच. पिल्लांसाठी वेगळी पावडर मिळते. तिची किंमत ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात तुझ्या मुंजीचं जेवण झालं होतं."

पुढचा धडा अधिक मोलाचा होता. तीनेक आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून शू-शी करता येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस घेऊन माणसाने ते काम करायचं. दर दूधपाजणीनंतर. रात्रीसुद्धा. बँकेत व्यवस्थापक असलेला गृहस्थ पहाटे तीन वाजता मांडीवर पिल्लू घेऊन, हातात कापसाचा बोळा धरून, "कर रे बाळा" म्हणत बसला आहे, हे दृश्य बँकेच्या ग्राहकांनी पाहिलं नाही हे बरं. स्वयंपाकघरातला वजनकाटा मैद्याच्या सेवेतून मुक्त होऊन पिल्लाच्या सेवेत रुजू झाला. धडधाकट पिल्लाचं वजन दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. ते वाढलं की घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहत.

वजन वाढलं. रात्रही निघाली, रात्री निघाल्या. आणि मग पिल्लू चालायला लागलं.

म्हणजे निघायला लागलं. पोचण्याचा भाग वेगळा. चार पाय चार दिशांना, पुढचा पाय गरजेपेक्षा हातभर वर उचललेला, मागचा भाग स्वतंत्र कारभार करणारा, डोकं सतत "नाही, नाही" म्हणत असलेलं. लग्नाच्या वरातीतून पहाटे घरी परतणाऱ्या एखाद्या काकांची चाल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झालं. इतर मांजरं ठरवून आडवी जातात. हा सरळ जायला निघे आणि आडवा पोचे. त्याचं नाव डुग्गू पडलं ते याच आठवड्यात.

"लहान आहे, पडणारच," असं सगळे म्हणाले, आणि ते खरंही होतं. तीन आठवड्यांचं कुठलंही पिल्लू डुलतच चालतं. पण तिसऱ्या मजल्यावर सिंबा होता. "आमचा फ्रिजवर चढतो," असा निरोप आला. मग "आमचा पडद्यावर चढतो." मग व्हॉट्सअॅपवर सिंबाचा उडी मारतानाचा व्हिडिओ, सोबत टाळ्या वाजवणारे हात. शाळेच्या फाटकापाशी पालकांचं जे चालतं तेच इथे मांजरांवरून सुरू झालं आणि लेखकाच्या बायकोने "आमचा खूप हुशार आहे, फक्त बोलत नाही" हे जुनं वाक्य नव्या कामाला लावलं.

मग निदानं आली. पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, आंधळं आहे. समोरच्या काकू म्हणाल्या, बहिरं आहे. वॉचमनने सांगितलं, वेडं आहे. औषधंही आली: ब्राह्मी, शंखपुष्पी, बाळाला आणतात तसा पांगुळगाडा. आईने मीठमोहऱ्या ओवाळल्या. डुग्गूने मोहऱ्यांवर झडप घातली आणि शेजारच्या उशीवर पडला. हे सगळं निरुपद्रवी. पण एका सज्जनांनी अर्धी पॅरासिटामॉलची गोळी आणली, "अंग थरथरतंय, ताप असेल" म्हणून. इथे मात्र विनोद थांबवून सांगायला हवं: पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. तेच कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायच्या पर्मेथ्रिनच्या थेंबांचं. मांजराच्या यकृताला ही रसायनं हाताळता येत नाहीत. फरशी पुसायचं फिनेलही त्यातच येतं, आणि ज्याच्या पोटाची रोज फरशीशी भेट होते त्याच्या घरात तर ते नकोच. थरथरणाऱ्या प्रत्येक पिल्लाला जन्मजात दोष असतो असंही नाही. असली विषबाधा, कानातला संसर्ग, डोक्याला मार, रक्तातली साखर उतरणं, यातलं काहीही असू शकतं. म्हणून आधी दवाखाना आणि मग व्हॉट्सअॅप, हा क्रम बरा.

घरगुती चाचण्या तरीही झाल्या. बहिरेपणासाठी कुकर लावला. चार शिट्ट्या झाल्या, डुग्गू घोरत होता. काकूंनी विजयी मुद्रेने पाहिलं. तेवढ्यात ओट्यावर सुक्या बोंबलाची पुडी उलगडली आणि डुग्गूचे आधी कान, मग डोकं, मग डुलत डुलत उरलेला डुग्गू उठला. अर्थात बोंबलाची चाचणी ग्राह्य धरता येत नाही. त्यात आवाजाआधी वास पोचतो, आणि तोही तीन मजले. टाळी वाजवूनही खात्री होत नाही, हवेच्या हादऱ्याने बहिरं मांजरही वळतं. शेवटी लेखकाच्या कन्येने दाराआडून किल्ल्यांचा जुडगा हलवला. कान वळले. काकूंचं निदान बाद.

मांजराच्या बहिरेपणाबाबत मोठमोठ्यांची फसगत झालेली आहे. डार्विनने १८५९ साली आपल्या गाजलेल्या ग्रंथात निळ्या डोळ्यांची मांजरं हमखास बहिरी असतात असं लिहून टाकलं आणि पुढच्या आवृत्त्यांत त्याला ते सौम्य करावं लागलं: पांढरी शुभ्र आणि निळ्या डोळ्यांची, आणि तीही बहुतेक. गंमत अशी की जन्मतः सगळ्याच पिल्लांचे डोळे निळे असतात. खरा रंग उतरायला दीड-दोन महिने लागतात. खात्रीची चाचणी म्हणजे आवाज ऐकल्यावर कानापासून मेंदूपर्यंत जाणारे विद्युत संदेश मोजणं. पण मांजर ऐकतं की नाही यापेक्षा ऐकून ते काय करतं हा प्रश्न जास्त अवघड आहे. जपानमध्ये सायतो आणि शिनोझुका या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की मांजर मालकाचा आवाज परक्यांच्या आवाजातून ओळखतं. कान हलवतं, डोकं वळवतं. उठून येत मात्र नाही. तेव्हा हाकेला ओ न देणारं मांजर बहिरं आहे की नुसतंच मांजर आहे, हे ठरवणं दिसतं तितकं सोपं नाही.

आंधळेपणाचा निकाल कापसाने लावला. डोळ्यांसमोरून कापसाचा छोटा गोळा सोडायचा. त्याला आवाज नाही, वारा नाही, वास नाही. डुग्गूने तो पडेपर्यंत नजरेने पाठलाग केला, मग पंजा मारला, आणि पंजा कापसापासून वीतभर पलीकडे पडला. दिसत होतं. हिशेब चुकत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला टेबलावर सोडलं आणि काही न बोलता नुसतं पाहत बसले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: झोपेत थरथरतो का? नाही. झोपेत तो एखाद्या निवृत्त न्यायाधीशाइतका शांत असतो. थरथर सुरू होते ती काही करायचं ठरवल्यावर, आणि इरादा जितका पक्का तितकी ती जास्त. दुधाच्या वाटीपाशी सर्वांत जास्त. "मग हा लहान मेंदूचा मामला," डॉक्टर म्हणाले.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्याच्या नावाचं शुद्धलेखन हमखास चुकतं, तेच हे अनुमस्तिष्क. शरीराचा तोल आणि हालचालींचा नेमकेपणा त्याच्याकडे. मांजरीच्या पोटात पिल्लं असताना तिला पॅनल्यूकोपेनियाच्या विषाणूची, म्हणजे मांजरांच्या पार्व्होची, लागण झाली किंवा जन्मल्यावर लगेच पिल्लाला झाली, तर हा विषाणू भराभर विभागणाऱ्या पेशी गाठतो. मोठ्या मांजरात त्या आतड्यात आणि अस्थिमज्जेत सापडतात, म्हणून तिथे जीवघेणा आजार होतो. नवजात पिल्लात अनुमस्तिष्काची बांधणी चालू असते, म्हणून तिथलं काम अर्धवट राहतं. याला सेरेबेलर हायपोप्लेसिया म्हणतात. एकाच वेतातल्या एका पिल्लाला तो होतो, दुसऱ्याला होत नाही. सिंबाच्या उड्यांचं रहस्य एवढंच. अडखळणाऱ्या मांजरांची नोंद लंडनच्या दोन डॉक्टरांनी १८८८ सालीच केली होती, पण दोष आनुवंशिक नसून विषाणूचा आहे हे १९६६ साली किल्हॅम आणि मार्गोलिस यांनी दाखवलं. तोवर बिचाऱ्या खानदानाला बोल लागत राहिला.

डॉक्टरांनी सांगितलेली पुढची गोष्ट मात्र घरच्यांना पटायला वेळ लागला. याला औषध नाही, आणि गरजही नाही. हा दोष वाढत नाही, दुखत नाही, दुसऱ्याला लागत नाही, आयुष्य कमी करत नाही. थरथर वाढत गेली, मान एका बाजूला कलली किंवा खाणं सुटलं तर ते काहीतरी वेगळं आहे असं समजून परत आणा. नाहीतर घर बदला, मांजर नको.

मग घर बदललं. स्टीलची वाटी त्याच्या नाकाच्या धक्क्याने सोफ्याखाली जायची; तिच्या जागी आईचा दगडी खल आला, जो हलवायला माणसालाही दोन हात लागतात. खल पोळपाटावर ठेवला, म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही. पोळ्या आता नव्या पोळपाटावर होतात आणि त्या गोल येत नाहीत याचं खापर डुग्गूवर फुटतं. गुळगुळीत टाइल्सवर सतरंज्या अंथरल्या. शी-शूसाठी गवंड्याचं उंच काठाचं घमेलं, त्यात वाळू. काठाला टेकून त्याला उभं राहता येतं. नखं कापायची नाहीत, कारण त्याची खरी पकड तीच. त्या नखांच्या जोरावर तो जमिनीवर चालण्यापेक्षा पडद्यावर बराच सफाईने चढतो. उतरणं हा विषय वेगळा. मांजर कसंही पडलं तरी चार पायांवर पडतं म्हणतात, आणि १८९४ साली मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने सलग छायाचित्रं काढून ते कसं वळतं हेही जगाला दाखवलं. पण डुग्गूसारख्यांच्या बाबतीत ही हमी देता येत नाही. म्हणून कबुतरांची जाळी गॅलरीला आणि प्रत्येक खिडकीला.

तरीही येणारा प्रत्येक पाहुणा हळहळतो. "अरेरे, असं जगण्यापेक्षा..." असं म्हणून वाक्य अर्धवट सोडतो. अशा वेळी लेखकाची कन्या पाहुण्यांना होमरची गोष्ट ऐकवते. अमेरिकेत मायामीमध्ये संसर्गामुळे या पिल्लाचे दोन्ही डोळे काढावे लागले. ग्वेन कूपर या लेखिकेने त्याला घरी नेलं, आणि एका रात्री घरात शिरलेल्या चोरावर याच आंधळ्या बोक्याने चाल करून त्याला पळवून लावलं. त्याच्यावरचं पुस्तक २००९ साली आलं. होमर १६ वर्षं जगला. डुग्गूकडून चोर पकडण्याची अपेक्षा नाही, पण चोर आला तर तो त्याच्या पायात नक्की येईल.

सिंबा हल्ली खाली खेळायला येतो. डुग्गू झडप घालतो, चुकतो, दुसऱ्याच दिशेला कोसळतो, आणि नेमका अंदाज न आल्याने सिंबा दर वेळी फसतो. डुग्गूच्या चेहऱ्यावर लाज वगैरे काही दिसत नाही. पडणं हा चालण्याचाच भाग आहे असं त्याचं मत असावं.

राहिली मीटर रूममधली आई. ती दोन महिन्यांनी परत दिसली आणि सोसायटीने वर्गणी काढून तिची लस आणि नसबंदी करून घेतली. तुमच्याही जिन्याखाली अशी एक असेल. तिला पॅनल्यूकोपेनियाची लस टोचून घ्या, पण ती गाभण नाही याची डॉक्टरांकडून खात्री करून. कारण जिवंत विषाणूची लस गाभण मांजरीला दिली तर पोटातल्या पिल्लांना हाच दोष होऊ शकतो. पिल्लांना पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, पुढच्या दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांची होईपर्यंत. रेबीजची लस वेगळी. आणि कोणी डुलणारं पिल्लू सापडलंच, तर पॅरासिटामॉल घेऊन येणाऱ्या सज्जनांना दारातच थांबवा.