शेल, पाथ आणि हिरवा प्रॉम्प्ट

युनिक्समध्ये प्रत्येक चालू प्रोग्रामजवळ नाव आणि व्हॅल्यू अशा जोड्यांची एक यादी असते. या जोड्यांना एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणतात. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांच्या शेलबरोबर, म्हणजे टाइप केलेल्या कमांडी चालवणाऱ्या प्रोग्रामबरोबर, ही सोय आली आणि आजच्या लिनक्स व मॅकपर्यंत टिकली. ती शिकण्याची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे ती बिघडवणे. त्यासाठी लागणारी दोन पात्रे प्रत्येक ऑफिसात असतात : एक उतावळा, दुसरा मुरलेला.

उतावळा : सर, माझ्या मशीनवरून एलएस गेलं! सीपी गेलं, ग्रेप गेलं. सीडी आणि इको तेवढे राहिलेत.

मुरलेला : ते दोघं शेलच्या पोटातच असतात. बाकीचे डिस्कवरून शोधून आणावे लागतात. पाथला काय केलंस?

उतावळा : माझं एक फोल्डर घातलं फक्त.

मुरलेला : घातलंस, की तेवढंच ठेवलंस?

उतावळा : ...तेवढंच ठेवलं.

पाथ या व्हेरिएबलमध्ये फोल्डरांची यादी असते. दोन नावांच्या मध्ये कोलन. शेल डावीकडून शोधत जातो आणि ज्या फोल्डरात प्रोग्राम प्रथम सापडेल तिथला चालवतो. नवे फोल्डर जोडताना डॉलर लावून पाथचे नाव लिहिले, तर जुनी यादी शाबूत राहते.

उतावळा : म्हणजे आता सगळी सिस्टीम परत टाकायची?

मुरलेला : ही विंडो बंद कर, नवी उघड. बदल त्या शेलपुरताच होता. नवी विंडो उघडताना वाचल्या जाणाऱ्या बॅशआरसी फाइलीत लिहिला असतास, तर स्लॅश-बिन-स्लॅश-एलएस असा पूर्ण पत्ता देत बसावं लागलं असतं.

उतावळा : मग पाथच्या सुरुवातीला नुसतं टिंब टाकतो. जिथे असेन तिथलाच प्रोग्राम चालेल.

मुरलेला : आणि तिथे कुणी एलएस नावाची फाइल करून ठेवली असेल, आतून तुझ्या फाइली पुसणारी?

उतावळा : असं कोण करेल?

मुरलेला : टिंब पाहिलेला पहिला माणूस.

चालू फोल्डरातला प्रोग्राम टिंब आणि स्लॅश लावून चालवण्याची रीत आहे ती याचसाठी. व्हेरिएबलला व्हॅल्यू देतानाही शिस्त लागते : बॅश या शेलमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. सोडली, तर शेल व्हेरिएबलच्या नावालाच कमांड समजतो.

उतावळा : जागा काढली. इको केलं की व्हॅल्यू दिसते, पण माझ्या स्क्रिप्टला दिसत नाही.

मुरलेला : एक्स्पोर्ट केलंस?

उतावळा : केलं. आता स्क्रिप्टमध्ये व्हॅल्यू बदलली, तर बाहेर जुनीच!

मुरलेला : बाहेर जुनीच राहणार. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर खाडाखोड केलीस, तर तलाठ्याकडचा उतारा बदलतो का?

एक्स्पोर्ट केलेली व्हेरिएबले प्रत्येक नव्या प्रोग्रामला मिळतात, पण त्यांची प्रत मिळते. त्या प्रतीतला बदल जन्म देणाऱ्या शेलपर्यंत परत येत नाही. स्क्रिप्ट चालू शेलमध्येच चालवायची, तर सोर्स ही कमांड वापरतात. ही व्हेरिएबले निरुपद्रवी मजकूर आहेत असा समज २०१४ मध्ये मोडला. फंक्शनची व्याख्या असलेल्या व्हॅल्यूच्या शेपटीला चिकटवलेली कमांड बॅश सुरू होतानाच चालवून टाकत असे. वेब सर्व्हर बाहेरून आलेला मजकूर व्हेरिएबलांत भरून स्क्रिप्टना देत असत, त्यामुळे ‘शेलशॉक’ नावाच्या या त्रुटीने जगभर धावपळ उडवली. ती सुमारे पंचवीस वर्षे बॅशमध्ये होती.

कमांडची वाट पाहताना शेल जो प्रॉम्प्ट दाखवतो, तोही व्हेरिएबलमध्येच राहतो. पीएस१ हा नेहमीचा. पीएस२ हा कमांड अपुरी राहिली की येणारा.

उतावळा : सर, अर्धा तास नुसतं ‘>’ दिसतंय. मोठं प्रोसेसिंग चालू आहे.

मुरलेला : काही चालू नाही. अवतरण चिन्ह बंद कर.

उतावळा : ...झालं. आता पीएस१ बघा! हिरवं नाव, निळं फोल्डर, घड्याळ, बॅटरी आणि इंटरनेटवरून हवामान.

मुरलेला : एंटर दाबल्यावर एवढा वेळ का लागतोय?

उतावळा : दर वेळी हवामान आणतो ना.

मुरलेला : तुझ्या टेबलाशेजारी खिडकी आहे.

उतावळा : आणि लांब कमांड लिहिली की ओळ स्वतःवरच चढते.

मुरलेला : रंगाचे कोड बॅकस्लॅश आणि चौकटी कंसांत घातले नाहीस. शेल ती न दिसणारी अक्षरंही मोजतो आणि ओळ कुठे संपते याचा हिशेब चुकवतो.

उतावळा : शेवटी ‘#’ टाकलंय. छान दिसतं.

मुरलेला : काढ ते आधी! समोरचा माणूस तुला रूट समजेल.

उतावळा : समजू दे की.

मुरलेला : समोरचा सोड, उद्या तूच समजशील. मग खरोखर रूट असशील तेव्हा फरक कळायचा नाही.

बॉर्न यांच्या शेलपासून साध्या वापरकर्त्याला ‘$’ आणि सर्वाधिकार असलेल्या रूटला ‘#’ दाखवण्याची प्रथा आहे. बॅशमध्ये पीएस१ मध्ये बॅकस्लॅश-डॉलर लिहिले, तर यांतले योग्य चिन्ह शेल स्वतःच निवडतो. प्रॉम्प्टमध्ये मशीनचे नाव ठेवण्यालाही कारण आहे : तीन विंडो उघड्या असताना पुसण्याची कमांड चाचणीच्या मशीनवर जाते आहे की चालू सर्व्हरवर, हे तेवढ्यानेच कळते. प्रॉम्प्टला तीन गोष्टी पुरतात – कोण, कोणत्या मशीनवर, कोणत्या फोल्डरात – आणि शेवटी खरे चिन्ह. बाकीची सजावट हौसेची. ती बॅशआरसीत लिहिण्याआधी त्या फाइलीची एक प्रत बाजूला ठेवावी.