नेटका खून

आमच्याकडे रविवारी संध्याकाळी खून असतो. बाहेर बेंगळुरूचा पाऊस, आत कांदाभजी आणि पडद्यावर एखादा सभ्य गृहस्थ कुणाचा तरी काटा काढायच्या तयारीत. सोबतीला शेजारचे अंकल. ते अस्सल कन्नडिग, मी पुण्याचा. तेव्हा वाद ठरलेला. मी राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) काढतो आणि त्यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ झाला, हे दर वेळी नव्यानं सांगतो. ते सुनीलकुमार देसाईंचा ‘तर्क’ (१९८९) काढतात. “एकही गाणं नाही!” मी लगेच ‘इत्तेफाक’ (१९६९) टाकतो. “यातही नाही, आणि वीस वर्षं आधी!” तह होतो तो शंकर नागवर. ‘तर्क’चा नायक तो, आणि रँडच्या वधाच्या कटावरचा आमचा ‘२२ जून १८९७’ लिहिण्यातही त्याचा हात. इथल्या ज्या ऑटोवर त्याचं चित्र असतं, तिच्या भाड्यावरून आम्ही दोघंही हुज्जत घालत नाही.

गेल्या रविवारी हिचकॉकचा ‘डायल एम फॉर मर्डर’ (१९५४) लावला होता. बायकोला मारायची नवऱ्याची तयारी अगदी जय्यत. मारेकरी ठरलेला, किल्ली जिन्यावरच्या गालिच्याखाली, फोनची वेळ रात्री अकरा. बायको फोन घ्यायला उठणार, मारेकरी पडद्याआडून येणार. आणि ऐन वेळी पार्टीत बसलेल्या नवऱ्याचं घड्याळ बंद! तिकडे मारेकरी कंटाळून निघायच्या बेतात. इकडे आम्ही वेळेवर कर भरणारी, पापभीरू माणसं एकदम कळवळलो, “अरे, फोन कर ना!”

खरी गंमत ती हीच. खुनी कोण, हे आधीच कळलेलं असतं. जमतंय का, एवढंच बघायचं असतं. आणि बघता बघता आपण खुन्याच्या बाजूला जाऊन बसतो. चार वह्या भरून याद्या केल्या आणि मुहूर्ताला अंतरपाटच घरी राहिला, अशा वधूपित्याकडे आपण जसे बघतो, तसेच त्याच्याकडे बघू लागतो. हेतू वाईट असेल, पण मेहनत तर घेतली होती!

“आपल्याकडे हे जमलंच नसतं,” अंकल म्हणाले. “मारेकरी सिल्क बोर्डच्या सिग्नलला अडकला असता.”

“आणि पोचला असता तरी गेटवरून ॲपवर बाईंनाच विचारलं असतं, मॅडम, एक जण आलाय, सोडू का?”

हसून झाल्यावर मी जरा जोरातच म्हणालो, “मी असतो ना, तर दोन घड्याळं जवळ ठेवली असती.”

हिनं भज्यांची ताटली खाली ठेवली आणि भिंतीकडे पाहिलं. तिथं सव्वाचार वाजले होते. गणपतीपासून सव्वाचारच वाजताहेत. सेल मी ‘उद्या’ आणणार आहे.

“म्हणूनच तर,” ती म्हणाली, “मला शांत झोप लागते.”