कृपया माल होऊन या

जळकोटला महामार्गाकडेच्या चहाच्या टपरीवर बसलं की देशाचा कारभार फुकटात बघायला मिळतो. पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग करत आलेला हा रस्ता आमच्या दारावरून उमरग्याकडे आणि पुढे हैदराबादला जातो. २०२० च्या एप्रिलात टपरीला कुलूप होतं, बाकडं तेवढं उघडं होतं. डांबरावरून ट्रक जात होते आणि कडेच्या मुरमातून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालत होती. ट्रकला कुणी विचारत नव्हतं, माणसाला मात्र प्रत्येक नाका विचारत होता. तेव्हाच आमच्या ध्यानात आलं की या देशात महामारीत घरी पोहोचायचं असेल तर माणसाने आधी माल व्हावं.

२४ मार्चला रात्री ८ वाजता घोषणा झाली आणि ४ तासांत देश बंद. धान्य, दूध, औषधं चालू राहिली, ते बरोबरच होतं. महामार्गावरचा टोलसुद्धा २० एप्रिलपर्यंत माफ झाला, म्हणजे मालाची सरबराई जावयासारखी. तो माल पिकवणारा, तोडणारा, पाठीवर वाहणारा गडी मात्र कुठल्याच यादीत बसेना. काहींनी हे गणित लवकर ओळखलं. २ मे रोजी इंदूरजवळ पोलिसांनी एक सिमेंट मिक्सर थांबवला, तर फिरत्या टाकीच्या पोटातून १८ माणसं निघाली. महाराष्ट्रातून लखनौला चालली होती. सिमेंट म्हणून सुखरूप गेली असती, माणसं निघाली म्हणून अडकली.

आमच्या मराठवाड्याचा ऊसतोड्या तर याच शास्त्रात मुरलेला. दसऱ्या-दिवाळीला मुकादमाची उचल घ्यायची, बायको, लेकरं, बैलं घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं, पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत. त्या वर्षी साखर अत्यावश्यक ठरली, म्हणून कारखाने चालू राहिले. ऊस तोडायला परवानगी होती. पट्टा पडल्यावर तोडणाऱ्याला मात्र घरी जायला परवानगी नव्हती. जगाला 'घरी बसा' म्हणत होते, तेव्हा हे पाचटाच्या कोपीत बसून होते. अखेर १७ एप्रिलला सरकारला पाझर फुटला आणि तपासणी करून, याद्या करून त्यांना गावी पोहोचवण्याचा आदेश निघाला. तोवर साखर पोत्यात भरून कुठल्या कुठे गेली होती.

प्रवास सगळ्यांनाच बंद होता असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. याच एप्रिलात उद्योगपती वाधवान कुटुंब आणि मंडळी, एकूण २३ जण, ५ गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेले. गृह विभागाच्या बड्या अधिकाऱ्याचं पत्र होतं, कारण कौटुंबिक अडचण. आमच्या चालणाऱ्यांचीही अडचण कौटुंबिकच होती हो. फक्त तिला लेटरहेड नव्हतं.

आणि मुळात चालत तरी कोण होतं? ३१ मार्चला सॉलिसिटर जनरलांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, सकाळी ११ वाजल्यापासून रस्त्यावर एकही माणूस नाही. त्यापुढे जे दिसले ते आम्हाला भास झाले असणार, उन्हाचे दिवस होते. लोक घाबरून निघाले ते खोट्या बातमीमुळे, असंही त्याच दिवशी ठरलं. खोटी बातमी अशी, की टाळेबंदी तीन महिन्यांहून जास्त चालेल. छे! महाराष्ट्रात जूनमध्ये तिचं नाव बदलून 'मिशन बिगिन अगेन' केलं होतं.

सरकारला एवढं बोललो, आता गावालाही चार शब्द. गावचा गडी पुण्यातल्या कंपनीतून मंदिराच्या सभामंडपाला वर्गणी पाठवायचा तेव्हा तो 'आपला पोरगा' होता. एप्रिलात वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या आणि तोच 'बाहेरचा' झाला. त्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत कोरंटाईन केलं. ज्या फळ्यावर तो पाढे शिकला त्याच फळ्याखाली सतरंजी. हातावर न पुसणारा शिक्का. बाप यायचा, फडक्यात बांधलेली भाकरी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायचा, दहा पावलं मागं सरायचा आणि तिथून ओरडायचा, "ठेचा हाय रं, पाणी पी." वर्गणीची पाटी मात्र सभामंडपात तशीच होती. पैशाला कोरंटाईन लागत नाही.

८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर गेले. मध्य प्रदेशचे, जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला. भुसावळहून गाडी मिळेल म्हणून रूळ धरून चालले होते. अंगावरून गेली ती मालगाडी. चपात्या रुळांवर पडून होत्या. जिवंतपणी न मिळालेली रेल्वे त्यांच्या मृतदेहांना मिळाली.

सप्टेंबरात लोकसभेत विचारलं गेलं, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले? उत्तर आलं, अशी आकडेवारी ठेवलेली नाही, सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच उत्तरात घरी परतलेले मात्र १ कोटी ४ लाखांवर मोजून दाखवले. पोच मिळालेला माल तेवढा वहीत.

म्हणून पुढच्या महामारीसाठी आमच्या बाकड्याने ठराव मांडला, की मजुरांची नोंद माल म्हणूनच करावी आणि २०२१ पासून गाड्यांना फास्टॅग सक्तीचा झालाय, तसाच एकेक यांच्या कपाळाला चिकटवावा. नाका आला की पीं वाजलं, दांडी वर, गडी पुढं. ठराव मंजूर होणार, एवढ्यात कोपऱ्यातला मुकादम बिडी विझवत म्हणाला, "टॅगात शिल्लक लागती राव. न्हाई तर जादा कापत्यात. आन् आमच्या टोळीत उचल फिटलेला एक तरी दावा की."