मॅक्रोवाले आणि आयटीवाले

प्रत्येक ऑफिसात एक मॅक्रोवाला असतो. त्याच्या हुद्द्याचा संगणकाशी संबंध नसतो. तो अकाउंट्समध्ये असतो, नाहीतर स्टोअर्समध्ये. पण पगारपत्रक, रजांचा हिशेब, ट्रकच्या फेऱ्या असं सगळं त्याने यूट्यूब बघून, मॅक्रो म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा लिहून बनवलेल्या एक्सेल शीटवर चालतं. आयटीकडे मागणी नोंदवली तर तिकीट क्रमांक मिळतो आणि पुढे दिवाळी येते. मॅक्रोवाला चहा संपायच्या आत काम करून देतो. तो गावी गेला, की अख्खं ऑफिस त्याला पासवर्ड विचारायला फोन लावतं.

कंपन्यांच्या सादरीकरणात त्याला 'सिटिझन डेव्हलपर' म्हणतात. आयटीवाले काय म्हणतात, ते छापण्याजोगं नाही.

त्यांच्या रागाला आधार आहे म्हणा. २०२०च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांचे कोविडचे निकाल एक्सेलच्या जुन्या 'एक्सएलएस' फाइलींत भरले जात होते. अशा फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात. एकेका रुग्णाला अनेक ओळी लागत, म्हणजे फाइलीमागे साधारण १,४०० रुग्ण. उरलेले गळाले. आठ दिवसांचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. दहा लाखांहून जास्त ओळींची नवी फाइल २००७पासून हजर होती! आणि हा प्रताप कुणा हौशी मॅक्रोवाल्याचा नव्हता. देशपातळीवरच्या यंत्रणेचा होता.

मग मोठ्या कंपनीचं तयार साधन घ्यावं? मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्समध्ये कोड न लिहिता पोर्टल उभं करता येत असे. २०२१मध्ये अपगार्ड या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की अशा पोर्टलांमधून ४७ संस्थांच्या ३ कोटी ८० लाख नोंदी उघड्यावर पडल्या होत्या. त्यांत लोकांची नावं होती, लसीकरणाच्या वेळा होत्या. परवानग्यांचं सेटिंग मुळातच बंद होतं; ते आठवणीने चालू करायचं होतं. त्या ४७ संस्थांत खुद्द मायक्रोसॉफ्टही होती! पुढे कंपनीने ते सेटिंग आधीपासूनच चालू ठेवायला सुरुवात केली.

नियमांच्या जाडजूड पुस्तिकेपेक्षा हा उपाय कितीतरी शहाणा. बंदी घातल्याने शीट मरत नाही, पेन ड्राइव्हवर जाते. तेव्हा आयटीने कुलूप लावूनच साधन हातात द्यावं, शीटवर मालकाचं नाव आणि बॅकअप मागावा. रक्तदात्यांच्या यादीसारख्या साध्या शीटला एवढं पुरे. पगाराच्या शीटमधली सूत्रं मात्र दुसऱ्या माणसाने तपासलीच पाहिजेत, आणि तेही एक तारखेच्या आधी.