किती हळू जाते?

मोटार घेतली की लोक ‘ॲव्हरेज किती देते?’ विचारतात, मोटारसायकल घेतली की ‘किती पळते?’ सायकलीला हे दोन्ही प्रश्न लागू नसल्यामुळे आमच्या सोसायटीतले आप्पा ‘केवढ्याला पडली?’ एवढंच विचारतात आणि आकडा ऐकून ‘एवढ्यात स्कूटर आली असती’ म्हणतात. माउंटन बाइकबद्दल विचारण्यासारखा खरा प्रश्न वेगळाच आहे: किती हळू जाते? चढावर खाली न उतरता, न कलंडता, होईल तितकं हळू जाण्याची ती सोय आहे. आणि हळूपणा जितका वाढवावा तितकी किंमत वाढते. जास्त पैसे मोजून कमी वेग विकत घेण्याचा हा व्यवहार पुण्यात कुणाला पटवून देणं कठीण, म्हणून मी कुणाला न विचारता सुटे भाग आणून सायकल जुळवायला घेतली.

पहिला मुद्दा चाकांचा. माउंटन बाइकची चाकं तीन मापांत येतात: 26, 27.5 आणि 29 इंची. हे आकडे टायर धरून आणि ढोबळ. खरं माप टायरच्या कडेला बारीक अक्षरांत मिलिमीटरमध्ये असतं. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास अनुक्रमे 559, 584 आणि 622. साडेसत्तावीस नावाने अगदी मधोमध. प्रत्यक्षात सव्वीसहून 25 मिलिमीटर मोठं आणि एकोणतीसहून 38 मिलिमीटर लहान. मध्यममार्गी म्हणवून घेणारा जवळून पाहिला की एका बाजूला झुकलेला निघतो, तो असा.

पुढे गंमत आहे. दूधवाल्याच्या दांडीच्या सायकलीचं 28 इंची चाक घ्या. त्याचा हाच व्यास 635. म्हणजे अठ्ठावीस हे एकोणतीसपेक्षा 13 मिलिमीटर मोठं! डोंगरासाठी 29 इंची टायर बाजारात आला 1999 साली. दूधवाला तोवर कधीपासून त्याहून मोठ्या चाकावर दोन कॅन लटकवून चढ चढत होता. त्याला कुणी ‘रायडर’ म्हटलं नाही.

सव्वीसची निवड तर कुणी केलेलीच नाही. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीची उनाड पोरं जुन्या जाडजूड टायरच्या सायकली घेऊन माउंट टॅमलपायसवरून खाली सुटायची. त्या सायकलींना चाकं सव्वीसची होती, म्हणून पुढे जगभर सव्वीसच चाललं. 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव्ह कुल्हावीने एकोणतीसवर सुवर्ण मारलं आणि नीनो शुर्टरने साडेसत्तावीसवर रौप्य. त्यानंतर सव्वीस हळूहळू भंगाराच्या वाटेला लागलं.

मी एकोणतीस धरलं. वेताळ टेकडीवरचे धोंडे मोठ्या चाकाला लहान वाटतात, हे एक. पण मोठं चाक पेडलच्या एका फेरीत जास्त अंतर तोडतं, म्हणजे तोच गिअर जड होतो. सव्वीसच्या तुलनेत साधारण एक दशांशाने. त्यामुळे चाक आणि गिअर वेगवेगळे निवडता येत नाहीत. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याची यादी निम्मी होते.

आता गिअर. पूर्वी पुढे तीन चकत्या असायच्या, 22, 32 आणि 44 दातांच्या, आणि मागची सगळ्यात मोठी 34ची. सगळ्यात हलका गिअर 22 बाय 34, म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाक 0.65 वेळा फिरणार. आता पुढे एकच चकती, समजा 32ची, आणि मागे 51ची. भागाकार 0.63. म्हणजे इतक्या वर्षांच्या संशोधनानंतर आपण जवळजवळ तिथेच आहोत. फक्त चेन सरकवणारा पुढचा डिरेलर आणि त्याचा खटका गेला, आणि मागे थालीपिठाएवढी चकती आली. मात्र जुन्या सायकलीवर ऐन चढात पुढची चेन उतरून काळ्या झालेल्या बोटांनी ती परत चढवलेल्या माणसाला विचारा. तो या थालीपिठाला हात जोडेल.

मागच्या चकत्यांच्या जुडग्याला कॅसेट म्हणतात. भारी कॅसेटची धाकटी चकती 10 दातांची. ती इतकी बारीक की कॅसेट ज्यावर चढते त्या जुन्या पद्धतीच्या फ्रीहबवर मावतच नाही. त्यासाठी स्रॅमने एक्सडी आणि शिमानोने मायक्रोस्प्लाइन अशी वेगवेगळी घराणी काढली, आणि एकाचं दुसऱ्यावर बसत नाही. शिवाय मागचा ॲक्सल 135, 142 की 148 मिलिमीटरचा, हे फ्रेम ठरवणार. या 148ला ‘बूस्ट’ म्हणतात. मोठ्या चाकाच्या स्पोकना पाय फाकून उभं राहायला जागा मिळावी म्हणून हब रुंद केला, एवढाच त्या जोरदार नावाचा अर्थ.

दहा दातांचा फायदा काय? पुढे 32 असताना मिनिटाला नव्वद फेऱ्या मारल्या तर ताशी 40 किलोमीटर. टेकडीवर या वेगाने मी खाली येत असेन तर पेडल मारत नसेन, देवाचं नाव घेत असेन. दोन्ही हातांची बोटं ब्रेकवर असताना धाकट्या चकतीसाठी नवा हब घेणं मला परवडेना. म्हणून 11 ते 51ची अकरा गिअरची कॅसेट ठरली. ती जुन्या फ्रीहबवर मुकाट बसते.

राहिली पुढची चकती. हा निर्णय दिसायला दोन दातांचा, पण माणसाचं चारित्र्य त्यात उघडं पडतं. मागे 51 असताना मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर 32वर ताशी सव्वापाच किलोमीटर पडतात. 30वर पाचच्या आत. 28वर साडेचारच्या जरा वर. सकाळी टेकडीवर कॅनव्हासचे बूट घालून हात हलवत चालणारे आजोबा या तिन्ही वेगांना मागे टाकतात, वर ‘चालू द्या, चालू द्या’ म्हणतात. हळूपणालाही तळ असतो. त्याखाली गेलं की मुरमावर पुढचं चाक डावी-उजवीकडे हेलकावे खायला लागतं आणि सायकल चालवण्यापेक्षा तोल सांभाळण्यातच दम जातो.

बत्तीस घेणारा स्वतःला ओळखत नाही. अठ्ठावीस घेणारा स्वतःला पुरेपूर ओळखतो, पण ती ओळख चारचौघांत चकतीवर कोरून मिरवायची त्याची तयारी नसते. मी मेकॅनिककडे पाहिलं. त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं.

“काका, तीस लावतो. बत्तीस लागलं तर नंतर बदलू.”

“आणि अठ्ठावीस लागलं तर?”

“तर दुकान बंद व्हायच्या वेळेला या. तेव्हा कुणी नसतं.”